वसंतात अस्वलाच्या शिकारीला आमच्याबरोबर येऊ पाहणाऱ्या मित्रांना खुले पत्र

प्रिय मित्रहो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात आम्ही चौघे आठ दिवस पश्चिम मोंटानाच्या डोंगरांत अस्वलाच्या शिकारीला गेलो होतो. आम्ही कसलाही गाजावाजा केला नाही, तरी ही गोष्ट बरीच लांब पोहोचली आणि तेव्हापासून ‘पुढच्या वर्षी आम्हालाही घेऊन चला’ असे निरोप सिएटलपासून डेन्व्हरपर्यंतच्या मराठी मंडळींकडून येत आहेत. प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहिण्यापेक्षा सर्वांना मिळून एकच पत्र लिहावे, म्हणजे कुणाला एक आणि कुणाला दुसरे सांगितले असे होणार नाही, या विचाराने हे लिहितो आहे. सिएटल आणि डेन्व्हर ज्या राज्यांत आहेत त्या दोन्ही राज्यांत वसंतातली ही शिकार आज बंद आहे, आणि ती का बंद झाली याचा या पत्राशी जवळचा संबंध आहे. त्याकडे पुढे येतोच.

आधी कागदपत्रांचे आवरून टाकतो, कारण त्यात चर्चेला वाव नाही. १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला मोंटानात शिकारीचा परवाना घेण्याआधी शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र लागते. काळ्या अस्वलाचा परवाना हवा असेल तर त्याशिवाय अस्वल ओळखण्याची परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. तुमच्यापैकी जे एच-१बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर आहेत त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे: अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा व्यक्तीला एरवी बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही, आणि वैध शिकार-परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. म्हणून परवाना हातात येईपर्यंत ‘जरा धरून बघतो’ म्हणूनसुद्धा आमच्या रायफलीला हात लावू नये. यावरून कुणी नाराज झाले तर होऊ दे; ग्रीन कार्डच्या रांगेत दहा वर्षे उभ्या असलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगण्याची गरज नसावी.

आता मुद्द्यावर येतो. आमच्याबरोबर यायचे असेल तर एक अट मान्य करावी लागेल. अस्वल दिसल्यावर, ते टप्प्यात आल्यावर, ते काळे अस्वल आहे याची खात्री पटल्यावर आणि गोळी झाडण्यास सर्व काही अनुकूल असतानाही, किमान एक तास ते नजरेखाली ठेवायचे. आणि त्या तासात चौघांपैकी कुणीही, कारण सांगून किंवा न सांगता, ‘नको’ म्हटले तर रायफलीतले काडतूस काढून ठेवायचे. अट ऐकायला सोपी वाटते. पाळायला ती किती जड जाते हे मला गेल्या वर्षी कळले आणि ते कळण्यात माझी स्वतःची चूक होती, म्हणून ती हकिकत सविस्तर सांगणे मला भाग आहे.

तत्पूर्वी या ऋतूविषयी थोडे सांगतो. मोंटानात वसंतातला हंगाम १५ एप्रिलला सुरू होतो आणि भागाभागानुसार मे किंवा जूनमध्ये संपतो. हिवाळी गुहेतून सर्वांत आधी मोठे नर बाहेर पडतात, मग एकट्या माद्या आणि तरुण अस्वले, आणि सर्वांत शेवटी त्या वर्षीची पिल्ले घेऊन माद्या बाहेर येतात. पिल्ले जानेवारी-फेब्रुवारीत गुहेतच जन्मतात. जन्मताना त्यांचे वजन पाव किलोच्या आसपास असते, डोळे मिटलेले असतात, आणि आई महिनोन् महिने काही न खाता त्यांना आपल्या अंगावरच्या चरबीच्या जोरावर दूध पाजत असते. काळ्या अस्वलांचा मिलनाचा काळ साधारण मे अखेरीपासून जुलैपर्यंतचा; परंतु गर्भ लगेच रुजत नाही. तो जवळजवळ नोव्हेंबरपर्यंत थांबून राहतो, आणि मादीने शरद ऋतूत पुरेशी चरबी साठवली नसेल तर तो रुजतच नाही. ज्या प्राण्याची मादी साधारण दोन वर्षांतून एकदा विते आणि त्यासाठी शरीराने असा चोख हिशेब मांडते, त्या प्राण्याची एक मादी चुकून मारली जाणे म्हणजे काय, हे कोष्टक मांडून सांगण्याची आवश्यकता नाही.

गुहेतून बाहेर आलेले अस्वल वसंतात मुख्यतः गवत खाते, हे ऐकून नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. बर्फ वितळू लागला की दक्षिणेकडे तोंड असलेले उतार आधी मोकळे होतात. हिवाळ्यातल्या हिमलोटांनी झाडे झोडपून काढलेले जे उभे पट्टे डोंगरावर दिसतात त्यांवर कोवळे गवत, ग्लेशियर लिलीची पिवळी फुले आणि क्लोव्हर उगवते, आणि अस्वल तिथे गुरासारखे मान खाली घालून तासन् तास चरते. लाकूडतोडीच्या जुन्या, आता बंद पडलेल्या रस्त्यांच्या कडेलाही असेच. हिवाळ्यात मेलेल्या एल्कचे (हे इथले मोठे हरीण) किंवा साध्या हरणाचे मढे मिळाले तर ते सोडत नाही, पण रोजचे जेवण म्हणजे पाला. मोंटानात अस्वलाला आमिष घालणे बेकायदेशीर आहे, त्यामुळे आमची शिकार म्हणजे दुर्बीण डोळ्याला लावून समोरच्या डोंगराचा हिरवा पट्टा न् पट्टा चाळत बसणे. आठ दिवसांतले सहा दिवस असेच गेले आणि त्यांतल्या दोन दिवशी पाऊस, गारा आणि बर्फ असे तिन्ही एकाच दुपारी पडले.

सहाव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास ओढ्यापलीकडच्या डोंगरावर, सुमारे नऊशे मीटरवर, दालचिनीच्या रंगाचे एक अस्वल दिसले. (‘काळे अस्वल’ हे जातीचे नाव आहे, रंगाचे नव्हे, रॉकी पर्वतात तपकिरी, दालचिनी, अगदी फिकट सोनेरी काळी अस्वलेही सर्रास आढळतात.) दुपारी वारा उतारावरून वर चढतो, म्हणून आम्ही ओढा ओलांडून वळसा घेतला आणि दीड तासाने त्याच्या बाजूच्या धारेवर, दोनशे मीटरहून थोड्या जास्त अंतरावर, एका खडकामागे पोहोचलो. त्या दिवशी ज्याची पाळी होती तो मित्र पाठपिशवीवर रायफल टेकवून पालथा झाला. मी दुर्बिणीतून पाहत होतो. खांद्यावर उंचवटा नाही, कपाळापासून नाकापर्यंतची रेषा सरळ, कान उभे आणि डोक्याच्या मानाने मोठे. ग्रिझली, म्हणजे इथले दुसऱ्या जातीचे, कायद्याने संरक्षित अस्वल, नाही हे निश्चित झाले. आजूबाजूला दुसरे काही दिसत नव्हते. दहा मिनिटे गेली असतील. मी म्हणालो, “एकटे आहे. घे.”

‘थांब’ म्हणाला तो आमच्यातला चौथा, जो स्वतः शिकार करत नाही. तो डोंगर पाहायला आणि आमच्या हातचे खावे लागू नये म्हणून स्वतः स्वयंपाक करायला येतो, आणि त्याच्याकडे आमच्यातला सर्वांत चांगला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचे पाहायची एकनळी दुर्बीण, आहे. त्याने स्कोपवरून डोळा न काढता सांगितले की हे अस्वल चरते आहे खरे, पण त्या एका मोठ्या डग्लस फरच्या झाडापासून वीस-पंचवीस पावलांपलीकडे जात नाही, आणि दर थोड्या वेळाने मान वर करून त्याच झाडाकडे बघते. मला ते क्षुल्लक वाटले. खरे सांगायचे तर मला राग आला. पाच दिवस भिजलो होतो, उजेड उत्तम होता, वारा तोंडावर होता, आणि ज्याने उभ्या आयुष्यात गोळी झाडली नाही असा माणूस आम्हाला थांबायला सांगत होता. पालथ्या पडलेल्या मित्राने मात्र चापावरून बोट काढले आणि सेफ्टी लावली.

त्यानंतर सदतीस मिनिटांनी ते अस्वल त्या झाडाच्या बुंध्याशी गेले, उभे राहिले, आणि वरच्या फांद्यांच्या काळोखातून दोन काळे गोळे एकामागून एक सालीला नखे रुतवत खाली घसरले. दोन्ही मांजरापेक्षा थोडी मोठी असतील. आईने त्यांना हुंगले आणि ती तिघे झाडीत गेली. कुणी काही बोलले नाही. मित्राने बोल्ट मागे ओढला. काडतूस उडून ओल्या गवतात पडले आणि आम्ही चौघेही गुडघ्यांवर बसून ते शोधू लागलो. काडतुसाची एवढी काय मातब्बरी होती, पण त्या वेळी एकमेकांच्या तोंडाकडे न बघता करता येण्यासारखे काहीतरी सर्वांनाच हवे होते. ते सापडल्यावर त्याने शर्टाच्या बाहीला पुसून मला दिले. अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

मोंटानात पिल्लू किंवा पिल्ले बरोबर असलेली मादी मारणे हा गुन्हा आहे. परंतु त्या दहाव्या मिनिटाला गोळी सुटली असती तर आम्हाला आपण गुन्हा केला हे कदाचित कळलेही नसते. पिल्ले झाडावरच राहिली असती. मादी धोका जाणवला किंवा चरायला मोकळे व्हायचे असले की पिल्लांना झाडावर चढवून ठेवते, आणि ती तिच्या हाकेशिवाय सहसा उतरत नाहीत. आम्ही मेलेल्या मादीजवळ जाऊन तिची आचळे पाहिली असती तेव्हा समजले असते, आणि तेव्हा समजून उपयोग काय? मे महिन्यात आई गेलेले त्या वर्षीचे पिल्लू स्वतःच्या बळावर तगेल अशी आशा जवळजवळ नसते. म्हणून ‘एकटे अस्वल’ हा शब्दप्रयोग वसंतात मला आता मान्य नाही. अस्वल एकटे दिसते. ते एकटे आहे की नाही हे वेळ गेल्यावरच समजते.

परवान्यासाठीच्या परीक्षेचा भर काळे अस्वल आणि ग्रिझली यांतला फरक ओळखण्यावर आहे, आणि तो रास्तच आहे. अलास्का वगळता सलग अमेरिकेतल्या ४८ राज्यांत ग्रिझलीला १९७५ पासून कायद्याचे संरक्षण आहे. त्याला बेकायदा मारल्यास मोठा दंड आणि तुरुंगवास होऊ शकतो. खांद्याचा उंचवटा, खोलगट चेहरा, आखूड गोल कान आणि पुढच्या पायांची लांब नखे या चार खुणा तुम्ही पाठ करालच, आणि केवळ रंगावर किंवा आकारावर विसंबू नये हेही शिकाल. नर-मादी ओळखणे मात्र याहून कितीतरी अवघड आहे आणि ते कुठल्याही चित्रावरून येत नाही. पोक्त नराचे डोके रुंद, त्यामुळे कान लहान व एकमेकांपासून दूर दिसतात. पुढचा भाग, म्हणजे मान आणि खांदे, मागच्यापेक्षा भारी. चाल डुलत डुलत, पुढचे पाय किंचित आत वळलेले. मादीचे तोंड निमुळते, कान उंच आणि जवळ जवळ, आणि वजन मागच्या बाजूला. अस्वल मुतताना दिसले तर नराची धार पायांच्या मधून पुढे पडते आणि मादीची मागे. ऐकायला असभ्य वाटेल, पण याहून खात्रीची खूण दुसरी नाही, आणि तास-तासभर बसल्यावर ती बऱ्याचदा मिळते. मेअखेरीस एका अस्वलामागे दुसरे मोठे अस्वल नाक जमिनीला लावून येताना दिसले तर मागचे नर असण्याचा संभव पुष्कळ. परंतु मागून येणारे लहान असेल तर ते गेल्या वर्षीचे पिल्लू असू शकते, कारण पिल्ले साधारण दीड वर्षाची होईपर्यंत आईबरोबरच राहतात.

या सर्व खुणा एकट्या माणसाला जितक्या स्वच्छ दिसतात तितक्या चार मित्रांच्या टोळक्याला दिसत नाहीत, असे माझे मत झाले आहे, आणि हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. एकटा शिकारी भितो, शंका घेतो, परत येतो. चौघे असले की प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने नीट पाहिले असेल. ज्याची पाळी असते त्याला वाटते, हे तिघे आपल्यासाठी चिखल तुडवत इथवर आले, आता आपण कच खाल्ली तर काय म्हणतील. आणि उरलेल्या तिघांना वाटते, बिचाऱ्याने परवान्याचे पैसे भरले, सुट्टी घेतली, त्याचा दिवस आपण का नासवावा. मैत्री ज्या गुणांवर चालते, म्हणजे भिडेला पडणे, दुसऱ्याचा उत्साह न मोडणे, होला हो म्हणणे, तेच गुण त्या दहा मिनिटांत घातक ठरतात. मी ‘घे’ म्हणालो ते अस्वल पाहून नव्हे, मित्राकडे पाहून म्हणालो. म्हणून ‘नको’ म्हणण्याचा अधिकार ज्याच्या हातात रायफल नाही अशा माणसाकडे असावा, आणि त्याला त्याचे कारण विचारू नये, तंबूत परतल्यावर चेष्टेतही विचारू नये, अशी आमची अट आहे. यात कुणाला पोरकटपणा वाटत असेल तर त्याने दुसरी सोबत शोधावी, राग नाही.

तासाच्या अटीचा एक परिणाम आधीच सांगून ठेवतो, म्हणजे ऐन वेळी वाद नको. मे महिन्यात इथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने कायद्याने शिकारीची वेळ संपते. अस्वले संध्याकाळी जास्त बाहेर पडतात. म्हणजे पावणेनऊला दिसलेले अस्वल, कितीही मोठे आणि कितीही जवळ असले, तरी आमच्या हिशेबाने ते बहुधा गेलेच. गेल्या वर्षी असे एक गेले. शिवाय वितळणाऱ्या बर्फामुळे ओढ्याचे पाणी दुपारनंतर चढते. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा संध्याकाळी मांडीपर्यंत असतो, तेव्हा पलीकडे उशिरापर्यंत थांबायचे म्हणजे रात्र पलीकडेच काढण्याची तयारी ठेवायची. ताडपत्री, कोरडे कपडे आणि खाणे प्रत्येकाच्या पाठीवर असलेच पाहिजे.

आता सिएटल आणि डेन्व्हरकडे वळतो. डेन्व्हर ज्या राज्यात आहे त्या कोलोरॅडोच्या मतदारांनी १९९२ साली थेट मतदानाने वसंतातली अस्वलाची शिकार, आमिष लावणे आणि कुत्री सोडणे या तिन्हींवर बंदी घातली, आणि त्या प्रचारात दूध पाजणाऱ्या माद्या व त्यांची पिल्ले यांचा मुद्दा अग्रभागी होता. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने अनाथ पिल्लांच्याच प्रश्नावरून १९९९ मध्ये वसंतातला हंगाम रद्द केला; तो २०१४ मध्ये प्रायोगिक म्हणून अंशतः परत आला आणि २०२१ पासून कायमचा झाला. सिएटल ज्यात आहे त्या वॉशिंग्टन राज्यात तर हा हंगाम सोडतीने मिळणाऱ्या मोजक्या परवान्यांपुरता होता, तरी नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या वन्यजीव आयोगात चार विरुद्ध चार अशी मते पडल्याने पुढच्या वर्षीचा हंगाम झाला नाही आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आयोगाने केवळ हौसेखातर होणारी वसंतातली शिकार बंद करण्याचे धोरण स्वीकारले. या निर्णयांमागे शास्त्र किती आणि भावना किती यावर शिकारी मंडळी शेकोटीभोवती रात्र रात्र वाद घालतात आणि मीही घातला आहे. पण त्या सहाव्या दिवसानंतर माझा सूर खाली आला आहे. त्या झाडावरची दोन पिल्ले पाहिल्यावर मी कोलोरॅडोच्या मतदाराला ‘तुला जंगलातले काय कळते’ असे म्हणू शकत नाही. माझ्या दहा मिनिटांच्या निरीक्षणाविषयीच तर त्याची तक्रार होती.

तुमच्यापैकी दोघांनी मला विचारले आहे की मग जायचेच कशाला. प्रश्न प्रामाणिक आहे. ज्या देशात आपण वाढलो तिथे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार ही गोष्ट सभ्य माणसाच्या आयुष्यातून निघून गेली, आणि ते योग्यच झाले. इथे ती परवान्याने, मोजून आणि हंगामाने चालते, आणि मी ते मांस खातो. याहून मोठे समर्थन माझ्याकडे नाही आणि ज्याला ते पुरेसे वाटत नाही त्याचे मन वळवण्याची मला इच्छाही नाही. त्याने आमच्या चौथ्या मित्रासारखे नुसते डोंगर पाहायला यावे. खरोखर, तशा माणसाची आम्हाला जास्त गरज आहे.

मांसाचा विषय निघालाच आहे तर तोही स्पष्ट करतो, कारण ‘थोडे आमच्यासाठी ठेवा’ असेही निरोप आहेत. आठव्या दिवशी त्याच मित्राने एक नर मारला. एक तास दहा मिनिटे पाहिल्यानंतर. वसंतातल्या अस्वलाच्या अंगावर चरबी कमी असते आणि गवतावर असल्याने मांसाला वास नसतो, पण ते सोलून, सुटे करून, गार करून दोन फेऱ्यांत पाठीवरून खाली आणायला मध्यरात्र झाली, आणि त्या पूर्ण वेळात एक जण काही न करता बेअर स्प्रेचा, म्हणजे अस्वलाला पळवणाऱ्या तिखट फवाऱ्याचा, डबा हातात धरून उभा होता, कारण रक्ताच्या वासावर ग्रिझली येऊ शकते. अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेला नावाचा जंत असू शकतो. डुकराच्या मांसातला त्याचा भाऊबंद थंडीने मरतो, पण उत्तरेकडच्या अस्वलांमधली जात गोठवूनही मरेलच असे नाही. २०२२ साली एका कुटुंबाने सॅस्काचेवानमधून आणलेले, ४५ दिवस घरच्या फ्रीझरमध्ये ठेवलेले अस्वलाचे मांस साउथ डकोटातल्या स्नेहमेळाव्यात कबाब करून खाल्ले. मांस गडद रंगाचे असल्याने ते शिजले की नाही हे नुसते बघून समजले नाही. सहा जण आजारी पडले, आणि त्यांतल्या दोघांनी मांस खाल्लेच नव्हते, फक्त त्याबरोबर शिजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. तेव्हा आमच्याकडून वाटा मिळेल, पण त्याबरोबर मांसात खुपसायचा तापमापकही मिळेल. आतले तापमान ७१ अंश सेल्सिअसला पोहोचल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. कुकरमध्ये रस्सा करणाऱ्यांनी निर्धास्त राहावे.

नखे, दात, कातडे यांची मागणी मात्र कृपया करू नये. काळे अस्वल आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या यादीत आहे आणि त्याचा कुठलाही अवयव परवान्यावाचून देशाबाहेर नेता येत नाही. गावाकडच्या काकांसाठी लॉकेटात बसवायला नख नेण्याची कल्पना ज्याने मांडली त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, पण त्याला ते कळेलच.

एक दात मात्र आम्ही दिला. मोंटानात मारलेल्या अस्वलाचे कातडे आणि कवटी ठरलेल्या मुदतीत अधिकाऱ्यांना दाखवावी लागते आणि ते सुळ्यामागचा एक छोटा दात काढून घेतात. दाताच्या मुळाचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की झाडाच्या खोडात असतात तशी वर्षागणिक एक अशी वलये दिसतात आणि वय मोजता येते. मादीचा दात असेल तर त्यात आणखी एक नोंद असते: ज्या वर्षी तिने पिल्ले वाढवली त्या वर्षीचे वलय अरुंद असते, कारण शरीराने त्या वर्षी स्वतःसाठी फार थोडे राखलेले असते. दात काढणाऱ्या बाईंनी हे आम्हाला सहज म्हणून सांगितले. गाडीत परतताना आम्ही ज्या मादीला मारले नाही तिच्याविषयी पुष्कळ बोललो, मारलेल्या नराविषयी फारसे नाही.

पुढच्या मे महिन्यासाठी आमच्याकडे दोन जागा आहेत आणि विचारणारे अकरा आहेत. अट मान्य असणाऱ्यांनी मार्चच्या मध्यापर्यंत कळवावे. त्यानंतर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आपण एक दिवस डोंगरावर रायफल न घेता, फक्त दुर्बिणी घेऊन जाऊ, आणि जे कुठले जनावर पहिल्यांदा दिसेल, हरीण असो वा एल्क, त्याच्याकडे एक तास बघत बसू. फोन खिशात राहतील. तासाभराने प्रत्येकाने त्याविषयी काय पाहिले ते सांगायचे, आणि त्यावरून दोन नावे ठरतील. ती ठरवण्याचे काम आमच्या चौथ्या मित्राकडे दिले आहे. जेवणाचे तोच बघेल.

आपला,
त्या दिवशी ‘घे’ म्हणालेला